गार हात

पार्लर चालायचं ते वहिनीच्या हातांवर आणि बेबीच्या जिभेवर. बाकी त्या दुकानात होतं काय? दातांचा दवाखाना आणि कुलूप-किल्लीवाला यांच्यामध्ये चेपून बसलेली एक लांबोडकी खोली, भिंतभर आरसा, आणि दोन खुर्च्या. एक मागे कलणारी, एक न कलणारी. कलणाऱ्या खुर्चीवर वहिनी चेहऱ्याचा मसाज करायची. न कलणारीवर बेबी भुवया कोरायची, केस कापायची, केस रंगवायची आणि अखंड बोलायची. बायका यायच्या त्या एका खुर्चीत झोपायला आणि दुसरीत हसायला. काही जणी नुसत्याच हसायला यायच्या आणि आल्यासारख्या भुवया करून जायच्या.

बेबीची पन्नाशी उलटली होती. पण एकदा घरात नाव पडलं की पडलं. लग्न विस्कटल्यावर ती एक बॅग घेऊन दादाच्या दारात उभी राहिली, तेव्हा दादाच्या कपाळावर आठी होती आणि वहिनीच्या हातात टॉवेल. वहिनी एवढंच म्हणाली होती, "उद्यापासून माझ्याबरोबर दुकानात चल. घरात बसून रडलीस तर डोळे सुजतील, आणि सुजलेल्या डोळ्यांच्या बाईकडून कोणी चेहरा करून घेत नाही." मग तिने बेबीला दोरा धरायला शिकवलं, तेही स्वतःच्या भुवयांवर. पहिल्याच दिवशी बेबीने एक भुवई अर्धी उडवली. ती भरून येईपर्यंत वहिनी अशी दिसायची, की जणू तिला कुणीतरी फार मोठी बातमी सांगितली आहे. लोक थांबून विचारायचे, "काय झालं हो?" वहिनी म्हणायची, "नणंद झाली."

तर अशा वहिनीला रक्तदाब निघाला. निघाला म्हणजे अगदी योगायोगाने. दादाचा गुडघा दाखवायला दोघं गेली होती; डॉक्टरीणबाईंनी सहज तिच्याही दंडाला पट्टा बांधला आणि त्यांचा चेहरा बदलला. पुन्हा मोजला, नाडी पाहिली, छातीचा आलेख काढला. छातीत अधूनमधून धडधडतं का, असं विचारलं. वहिनी म्हणाली, धडधडतं, पण मला वाटायचं ते बेबीमुळे.

डॉक्टरीणबाईंनी गोळी लिहून दिली. बीटा ब्लॉकर जातीची. "ही हृदयाला धावू देत नाही, चालायला लावते," असं त्यांनी समजावलं. मीठ कमी करा, चाला, जागरण नको, गोळी रोज घ्या, आपल्या मनाने बंद करू नका, काही त्रास झाला तर सांगा. हे सगळं त्या एका दमात म्हणाल्या, कारण बाहेर बाकावर खोकणाऱ्यांची रांग होती. वहिनीने मान डोलावली. घरी येऊन तिला त्यातलं मीठ लक्षात राहिलं.

गोळीने गुण दिला, हे मात्र खरं. धडधड थांबली. जिना चढून आल्यावर वहिनी पूर्वी दाराची चौकट धरून उभी राहायची, ती सरळ आत येऊ लागली. "माझं हृदय आता सरकारी नोकरीत लागलंय," असं तिने स्वतःच एकदा म्हटलं. "कुठे घाई म्हणून नाही."

फक्त हात गार पडायला लागले.

आधी तिलाच कळलं असणार, पण ती बोलली नाही. कळलं ते मुख्याध्यापिकाबाईंमुळे. या बाई शाळेतून निवृत्त झाल्या तरी त्यांच्या आवाजातून शाळा गेली नव्हती. दर पंधरवड्याला त्या कलत्या खुर्चीत येऊन पडायच्या, वहिनीची बोटं हनुवटीवरून कानामागे पोचायच्या आत घोरायला लागायच्या, आणि उठल्यावर "मी जागीच होते" असं ठणकावून सांगायच्या. त्या दिवशी वहिनीने क्रीम घेतलं, दोन्ही तळहात गालांवर टेकवले आणि बाई ताडकन उठून बसल्या.

"अगं बाई! काय बर्फात हात घालून आलीस का?"

दुकानात तीन-चार जणी होत्या. सगळ्यांनी माना वळवल्या. आणि बेबीच्या तोंडून गेलं, म्हणजे तिच्या तोंडून नेहमीच काहीतरी जायचं, त्यातलंच एक गेलं:

"बाई, आमच्याकडे आता चेहरा आणि फ्रीज एकाच पैशात आहे. घरी दूध उरलं असेल तर उद्या घेऊन या, वहिनीच्या हातात देऊ."

असं काही हसल्या सगळ्या! मुख्याध्यापिकाबाईंना तर ठसका लागला. वहिनीही हसली. गरम पाण्यात हात बुडवून आली, पुसले, पुन्हा गालांवर ठेवले. बाई पडून राहिल्या, पण त्या दिवशी घोरल्या नाहीत.

विनोद चालला की बेबीला थांबवणं कठीण. पुढे तिने त्याची मालिकाच केली. उकाड्यात बाई आली की, "वहिनीपाशी बसा, पंखा लावायला नको." कुणाच्या डोळ्याखाली सूज असली की, "वहिनी, एक बोट ठेव गं इथे, उतरेल." एकीला म्हणाली, "दादाला विचारा, थंडीत तो मधे उशी ठेवून झोपतो." त्यावर वहिनीने ओला टॉवेल तिच्या पाठीत मारला आणि पुन्हा सगळ्या हसल्या. हसण्यासारखंच होतं. वहिनीही त्या विनोदांना भर घालायची, म्हणून तर ते बरे चालायचे. आता वहिनी गिऱ्हाईक यायच्या आधीच गरम पाण्याचं भांडं खुर्चीपाशी मांडून ठेवायची आणि मसाज करताना मधेमधे हात बुडवायची. पण मसाज असा मधे थांबून होत नाही. चेहऱ्यावर हात आले की ते उचलायचे नसतात. एक तरी टेकलेला राहायला हवा, नाहीतर झोप मोडते. हे वहिनीनेच बेबीला शिकवलं होतं.

हळूहळू बायका म्हणायला लागल्या, "बेबी, आज तूच कर ना चेहरा." कुणी वाईट हेतूने नाही म्हणालं. बेबीने पहिल्यांदा नको नको म्हटलं. दुसऱ्यांदा वहिनीकडे पाहिलं. वहिनी म्हणाली, "कर की, मी डोकं धुते त्यांचं." मग बेबी त्या कलत्या खुर्चीमागे उभी राहू लागली आणि वहिनी खाली पडलेले केस झाडू लागली. खरं सांगायचं तर बेबीला तेव्हा आतून थोडं बरं वाटलं होतं. इतकी वर्षं तिच्या बडबडीला भाव होता, हातांना नव्हता. हे तिने नंतर स्वतःशीच कबूल केलं, आणि कबूल केल्याने काही हलकं झालं नाही.

मग एका सकाळी दुकान उघडताना वहिनीने तिच्या हातातून किल्ली घेतली आणि बेबी ओरडलीच.

"वहिनी! गरम झाले गं हात!"

"झाले खरे," वहिनी म्हणाली. तिचे गालही लालसर दिसत होते.

बेबीने तिचे दोन्ही हात धरून शेजारच्या दवाखान्यात आलेल्या दातदुख्या माणसालासुद्धा दाखवले. दिवसभर येणाऱ्या प्रत्येकीला सांगितलं, "फ्रीज दुरुस्त झाला! हमीसकट!" मुख्याध्यापिकाबाईंना फोन करून बोलावून घेतलं. बाई आल्या, पडल्या, आणि वहिनीची बोटं कानामागे पोचायच्या आत घोरायला लागल्या. वहिनीने आरशातून बेबीकडे पाहिलं. काय दिसत होती वहिनी त्या वेळी! नव्या नवरीने पहिला स्वयंपाक पार पाडावा आणि सगळ्यांनी मागून घ्यावं, तशी.

का गरम झाले, हे विचारायचं बेबीच्या डोक्यातच आलं नाही. चांगलं झालं की कोण विचारतं?

त्याच आठवड्यात भर दुपारी, एका बाईच्या चेहऱ्यावर लेप लावता लावता वहिनी थांबली. "बेबी," तिने हाक मारली. नेहमीचीच हाक. बेबी आपल्या गिऱ्हाइकाला विहिणीची गोष्ट सांगत होती, तिने बोटाने 'थांब' अशी खूण केली. गोष्ट संपवून वळली तेव्हा वहिनी भिंतीला टेकून खाली बसली होती, घामाने निथळत, एक हात छातीवर दाबून, आणि लेपाने माखलेला दुसरा हात कपड्यांना लागू नये म्हणून लांब धरून.

दातांच्या डॉक्टरांनी आपल्याच गाडीत घातलं म्हणून वेळेत पोचली. हृदयविकाराचा झटका होता. वाचली. पण हृदयाचा काही भाग कामातून गेला, तो गेलाच.

डॉक्टरीणबाई दुसऱ्या दिवशी खाटेपाशी आल्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो गोळीचा. "रोज घेत होतात ना?"

"मधे जरा विसरले," वहिनी म्हणाली.

"जरा म्हणजे किती?"

वहिनीने डोळे मिटले. दादा म्हणाला, "ती कशी विसरेल? माझं औषध ती काढून देते." बेबी आदल्या दिवशी वहिनीचे कपडे घ्यायला घरी गेली होती आणि कपाटात रुमालांखाली तिला गोळ्यांची न फोडलेली पट्टी सापडली होती. विसरलेली गोळी टेबलावर असते. रुमालांखाली असते ती ठेवलेली.

डॉक्टरीणबाई बेबीला बाहेर बोलावून म्हणाल्या, "ही गोळी अशी एकदम सोडली तर दाबून धरलेलं हृदय उसळी मारतं. आधीच धमनीत अडथळा असेल तर असं होऊ शकतं. कमी करायची तरी आम्ही हळूहळू कमी करतो. का सोडली असेल? चक्कर यायची? थकवा?"

"हात गार पडायचे," बेबी म्हणाली.

"एवढंच? अहो, मग यायचं ना सांगायला! याच जातीची दुसरी गोळी आहे, तिने हात एवढे गार नाही पडत. दोन मिनिटांचं काम होतं. आताही तीच देणार आहे मी."

'एवढंच' हा शब्द बेबीच्या कानात जाऊन बसला आणि तिथून हलेना.

वहिनी घरी आली. दादाने कामावरून लवकर यायला सुरुवात केली. नवी गोळी सुरू झाली, सकाळ-संध्याकाळ. हात गार पडले नाहीत. पण थोडं चाललं की दम लागायचा, दिवसभर उभं राहायचं नाही असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. बेबी एकटी पार्लर उघडायची. बायका विचारायच्या, "वहिनी कधी येणार?" बेबी म्हणायची, "येईल की. जरा उसंत घेतेय." तिने मनाशी ठरवूनही टाकलं होतं: एक उंच स्टूल आणायचं, वहिनीने बसून मसाज करायचा, एखाद-दुसरा चेहरा फक्त, सकाळचा. केव्हा ना केव्हा वहिनी त्या खुर्चीमागे आली म्हणजे झालं ते थोडं तरी भरून निघेल, असं तिला वाटत होतं. आणि आली नाही तर काय, याचा विचार ती करत नव्हती.

तिची जीभ मात्र अडखळू लागली. विनोद तोंडापर्यंत यायचा आणि ती त्याला उलटून पालटून बघायची, भाजी निवडताना किडकी बघतात तशी. तोवर वेळ निघून जायची. "काय गं, मौन धरलंस?" असं बायका विचारायच्या. काही जणी कोपऱ्यावरच्या नव्या पार्लरमध्ये जाऊ लागल्या.

शेवटी एका रविवारी तिने धीर केला. दादा बाहेर गेला होता. वहिनी खिडकीशी बसून पार्लरच्या धुतलेल्या टॉवेलांच्या घड्या घालत होती. तेवढं काम तिने हट्टाने मागून घेतलं होतं. बेबी समोर बसली.

"वहिनी, मला पट्टी सापडली होती."

"माहीत आहे. रुमालांची घडी बदलली होती. तुला मेलीला घडी कधी घालताच आली नाही."

"दादाला सांगितलं नाही मी."

"मीही नाही."

"माझ्यामुळे झालं ना गं? ते फ्रीज, ते दूध, ती दादाची उशी... मी किती बोलले! चार बायकांत तुझी..."

वहिनीने घडी पूर्ण केली. मग म्हणाली, "अगं वेडे, तू बोललीस म्हणून कोण औषध सोडतं? तू बोलायचं नाही तर कोणी? मीच तर तुला त्यातले निम्मे विनोद सुचवले."

"मग बायका माझ्याकडे यायला लागल्या म्हणून?"

"त्याचं लागलं थोडं. नाही म्हणत नाही. पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. आज इथे, उद्या कोपऱ्यावर." तिने दुसरा टॉवेल घेतला. मांडीवर पसरला. हाताने नुसताच सारखा करत राहिली. "तुझं डोकं दुखत होतं एकदा. दुकानात, मागच्या पडद्याआड आडवी पडली होतीस. या घरात आलीस तेव्हापासून तुझं डोकं दुखलं की मी कपाळावर हात ठेवते. तू म्हणायचीस, गोळीपेक्षा लवकर उतरतं. तशीच त्या दिवशी आले आणि हात ठेवला. तू मान फिरवलीस. 'नको गं वहिनी, काटा येतो अंगावर,' म्हणालीस आणि भिंतीकडे तोंड केलंस."

बेबीने चटकन वर पाहिलं.

"रागाने नाही म्हणालीस," वहिनीने घाईने जोडलं. "झोपेत असल्यासारखी म्हणालीस. मी आपली पडदा सारून बाहेर आले. तेव्हा वाटलं, जाऊ दे, चार दिवस नको ती गोळी. बघू या. आणि चार दिवसांत झाले ना गरम. मग वाटलं, आणखी थोडे दिवस. तू केवढी नाचलीस!"

बेबीने डोकं धरलं. ती आठवू लागली. पार्लरमध्ये तिने केलेला एकेक विनोद तिला शब्दन्‌शब्द आठवत होता, कोण कुठे बसली होती, कोणाला ठसका लागला, कोणी टाळी दिली. कारण त्या प्रत्येकाला हशा आला होता. या वाक्याला कोणी हसलं नव्हतं. ते कुठेच सापडेना. पडदा आठवला, पडद्याआडची चटई आठवली, डोकेदुखी तर कितीतरी वेळांची आठवली. पण कपाळावरचा तो हात आणि आपली फिरवलेली मान, छे. इतके दिवस ती भलत्याच गोष्टीचा पश्चात्ताप करत बसली होती, आणि ज्याचा करायचा होता ती गोष्ट तिच्या आठवणीतसुद्धा नव्हती.

"मला आठवत नाही गं," ती म्हणाली. हे तिने आजवर उच्चारलेलं सगळ्यात वाईट वाक्य आहे असं तिला वाटलं.

"कसं आठवेल? लहानशी तर गोष्ट."

"मग तेव्हाच का नाही ओरडलीस माझ्यावर? डॉक्टरीणबाईंना का नाही सांगितलंस? दुसरी गोळी होती, वहिनी! नुसतं सांगायचं होतं!"

"काय सांगायचं? नणंदेने मान फिरवली, गोळी बदला?" वहिनी हसली आणि हसता हसता तिला दम लागला. बेबी पाणी आणायला उठली, तिला तिने हातानेच बसवलं. जरा वेळाने म्हणाली, "एक बोलायचं राहिलंय. ते स्टूल आणू नकोस. दादा म्हणत होता, तू दुकानं पालथी घालतेयस. मी नाही येणार आता पार्लरमध्ये."

"बसून कर. दिवसातून एक चेहरा."

"जमेलही. पण नको. आता चेहऱ्याला हात लावताना मी बघत बसेन, दचकतेय का ही. असं बघत मसाज होत नाही. एखादी चांगली मुलगी ठेव हाताखाली. आणि तिच्याच भुवया उडवू नकोस पहिल्या दिवशी."

बेबी हसली नाही. ती पुढे सरकली, तिने वहिनीच्या गुडघ्यापाशी डोकं झुकवलं आणि म्हणाली, "आता ठेव ना हात."

"दुखतंय का?"

हो म्हणायला काय जात होतं? जन्मभर तिने कोणालाही काहीही सांगितलं होतं, गिऱ्हाइकांचे पिकलेले केस पाहून 'कुठे पिकलेत?' म्हटलं होतं. एवढं एक खोटं मात्र निघेना.

"नाही," ती म्हणाली.

"मग कशाला?" वहिनी म्हणाली. रागाने नाही, अगदी सहज. आणि तिने पुढचा टॉवेल घडीला घेतला.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकाबाई आल्या. कलत्या खुर्चीत पडल्या. बेबीने हात धुतले, चोळले, क्रीम घेतलं आणि गालांवर टेकवले. मसाज चांगला चालला होता. वहिनीने शिकवला तसाच, हात न उचलता. बाई काही केल्या घोरेनात.

"कधी येणार गं तुझी वहिनी?" त्यांनी मिटल्या डोळ्यांनी विचारलं.

"नाही येणार."

"का? अजून बरं वाटत नाही का तिला?"

"बरं आहे. हातही गरम आहेत आता."

एवढं बोलून बेबी थांबली. पुढे काहीतरी गमतीचं येणार म्हणून बाईंच्या ओठांचे कोपरे आधीच वर गेले होते. बोटांखाली तिला ते कळत होतं. ती तशीच कपाळाकडून कानाकडे, कानाकडून हनुवटीकडे हात फिरवत राहिली, आणि थोड्या वेळाने ते कोपरे आपोआप खाली आले.